ज्यांची वंशावळ सापडली नाही
(एज्रा 2:59–62)



बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेस परतलेल्या लोकांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. नुसती नावेच नावे म्हणून पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात. परंतु तिच्यात काही घराणी अशी आहेत की, आपण कोणाचे वंशज, हे त्यांस दाखविता आले नाही. काही याजकांनी आपली वंशावळ शोधली, पण ती मिळाली नाही, म्हणून त्यांस याजकपणापासून दूर ठेवण्यात आले.

कागदावर नाव नसले म्हणजे काय होते, हे नांदेड-लातूरकडील लोकांस सांगावयास नको. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा अनेक घरांत आजा-पणजाच्या नावाची चौकशी सुरू झाली. निजामकालीन दप्तरे कोठे उर्दूत, कोठे फारसीत, कोठे मोडीत. ती वाचणारे थोडे. एका शब्दाच्या नोंदीवर मुलाबाळांचे शिक्षण व नोकरी यांची आशा टांगलेली.

इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या अमदानीत, 1538 साली, प्रत्येक पॅरिशाने बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची वही ठेवावी अशी आज्ञा झाली. म्हणून तेथील गरीब मजुराचा पूर्वजही पुष्कळदा वहीत सापडतो. मृत्युपत्रात मात्र, ज्याच्यापाशी मागे ठेवण्याजोगे काही होते, तोच बहुधा भेटतो. आपल्याकडील खासरा पत्रकाचेही तसेच आहे: ज्याची जमीन, त्याचे नाव. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नाव त्याचे, जो तेथवर पोहोचला. भूमिहीन सालगड्याने आपला पणजा कोठे शोधावा? आणि पणजीचे नाव तर कोण लिहितो?

आता शास्त्रपाठ पुन्हा पाहा. ज्यांस आपले पितृकुळ दाखविता आले नाही, अशा दलाया, तोबीया व नकोदा यांच्या वंशजांची गणती तेथे 652 दिली आहे. पुरावा नव्हता, तरी परतणाऱ्या लोकांनी त्यांस मागे टाकले नाही. त्याच यादीत त्यांस मोजले. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब व रूथ या स्त्रियांस वगळले नाही. कागद जेथे मुका असतो, तेथे देव मुका नसतो. मनुष्याची किंमत दप्तर ठरवीत नाही.

तथापि एवढ्यावरून वहीची हेळसांड करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यांत जी वृद्ध माणसे होती, त्यांच्याबरोबर किती घराण्यांच्या आठवणीही मातीखाली गेल्या!

म्हणून आमची विनंती अशी. घरात म्हातारे माणूस असेल, तर या आठवड्यातच त्याच्यापाशी बसा. आजा, आजी, पणजा, पणजी यांची नावे, आजीचे माहेर, गाव सोडल्याचे साल, हे सर्व लिहा. कोणी सांगितले, तेही लिहा. उपदेशकांनी बाप्तिस्म्याच्या वहीत बापाबरोबर आईचेही नाव पुरते लिहावे, आणि वहीची दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी. कुळाचा तोरा मिरविण्यासाठी हे करावयाचे नाही. त्याविषयी पौलाने तीमथ्यास सावध केलेच आहे. ज्यांनी कष्ट सोसून आपणांस वाढविले, त्यांस विसरू नये, एवढ्यासाठी करावयाचे.

ज्याची नोंद कोठेच नाही, त्याने खिन्न होऊ नये. त्याचे नाव धन्याला ठाऊक आहे.