निळ्या खुणा

हसणं थांबवा आधी. आणि ते मोबाईल मांडीवर नकोत, बाकावर पालथे ठेवा. समास आज नंतर.

तिसऱ्या बाकावरची जागा अकरा दिवस रिकामी आहे. पाय मोडलाय त्याचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या घरी कोण कोण जाऊन आलं? हात वर करा.

एकही नाही? मॉनिटर, तुझ्या मागच्याच गल्लीत राहतो ना रे तो?

'सर, ग्रुपवर मेसेज टाकलाय.' टाकलाय! कचरा टाकतात, बाळ.

काल संध्याकाळी मी गेलो होतो. आई कामावर. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून हा एकटाच, चार्जरची वायर पुरेल तेवढ्या अंतरावर भिंतीला टेकून बसलेला. त्यानं मला तुमचा ग्रुप दाखवला. हात जोडलेले, पुष्पगुच्छ, रडके चेहरे. ३६ स्टिकर मोजले मी. त्यांच्याखाली त्याचा एकच प्रश्न: 'फिजिक्सची वही कुणी आणून देईल का?' चार दिवसांपूर्वीचा. पुढे दोन निळ्या खुणा.

२०१४ साली त्या खुणा आल्या, तेव्हापासून 'पाहिलंच नाही' म्हणायची सोय गेली. आणि ग्रुपवर त्या निळ्या कधी होतात? सगळ्यांनी वाचल्यावर. म्हणजे इथल्या प्रत्येकानं वाचलं, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणी जाईल. मी म्हटलं, 'पाय ठणकतो का रे?' तर म्हणाला, 'नाही सर. वहीचं राहू द्या, होईल काहीतरी.'

वेळ नव्हता म्हणू नका. रात्री दीड वाजता तुमचे हिरवे दिवे मला दिसतात. वहीचं पान संपतं, म्हणून माणूस मान तरी वर करतो. पडद्यावरचं पान संपूच नये, ही करामत २००६ साली आझा रास्किन नावाच्या माणसानं केली. पुढे त्यालाच तिचा पस्तावा झाला. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांबद्दल ऐकलंय? टोच मारली की दर वेळी दाणा मिळत नाही, कधी मिळतो, कधी नाही. तेव्हा कबुतर जास्तच टोचत बसतं. तुमचा अंगठा खालीवर होताना मला तेच कबुतर दिसतं.

मीही फार सोवळा नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी गेली, तर मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करून मोकळा झालो. नंतर बाजारात तो भेटला. काही बोलला नाही, पण पिशवी या हातातून त्या हातात घेत बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात झाली. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. तुमच्यासाठीही भोंगाच बसवायचा का?

मॉनिटर, आज सुटल्यावर तू आणि मागचे तिघे जायचं. वही हातात न्यायची, पानांचे फोटो पाठवायचे नाहीत. निदान तासभर बसायचं. आणि प्लास्टरसोबत सेल्फी काढून ग्रुपवर टाकलात, तर गाठ माझ्याशी आहे.

काढा आता समासाचं पान. द्वंद्व.