परिचर्या आणि प्रारब्ध

मनुष्याचे आयुष्य जन्मतःच मोजून दिलेले असते, की ते त्याच्या व त्याच्या भोवतालच्यांच्या कर्माने उणे-अधिक होऊ शकते, हा प्रश्न पंडितसभेत निघाला तर त्याचे उत्तर कितीही सावकाश देता येते; परंतु मुरारच्या जिल्हा रुग्णालयात अपरात्री छाती दाबून धरलेला, घामाने निथळणारा एखादा गृहस्थ आणला जातो, आणि बरोबरचे वडीलधारे ‘वेळच भरली असेल तर कोण काय करणार’ असे पुटपुटतात, तेव्हा तेथे तैनात असलेल्या परिचारिकेला त्याच प्रश्नाचे उत्तर काही क्षणांत, आणि तेही हातांनी, द्यावे लागते.

मुरार ही मूळची छावणी. १८५८ च्या जूनमधील रणधुमाळी तिने पाहिली, आणि १८८६ साली झांशीच्या मोबदल्यात, ग्वाल्हेरच्या किल्ल्यासह, इंग्रजांनी ती शिंदे सरकारच्या हवाली केली. शिंद्यांच्या दौलतीबरोबर उत्तरेत आलेल्या मराठी घराण्यांनी जे संस्कार जपले त्यांत प्रारब्धावरील श्रद्धा मोठी आहे, आणि ती मला मुळीच हीन वाटत नाही. पुत्रशोक किंवा वैधव्य सोसून उभ्या राहिलेल्या कितीतरी माणसांना तिनेच तारले आहे. माझी फिर्याद आहे ती तिचा उच्चार अवेळी होतो याविषयी. छातीतली कळ डाव्या हातात वा जबड्यात उतरते, आणि घरात ‘गॅस झाला असेल’ म्हणून आधी ओवा-हिंग, मग सोडा, मग ‘उजाडू द्या, बघू’ असा क्रम सुरू होतो. तेवढ्या अवधीत हृदयाच्या रोहिणीत अडकलेल्या गुठळीपलीकडचा स्नायू रक्तावाचून मरू लागलेला असतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर पुष्कळदा कळ येतच नाही. नुसती धाप, मळमळ किंवा ग्लानी येते, आणि तिला कोणी मोजत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने आयुष्य नियत की अनियत हाच प्रश्न आपले गुरू आत्रेय यांना विचारला आहे. आयुष्य सर्वस्वी नियत असते तर मंत्र, औषधी, होम यांचे प्रयोजन उरले नसते, आणि हिंस्र पशूंपासून दूर राहण्याचेही कारण नव्हते, असे आत्रेय म्हणतात. दैव आणि पुरुषकार, म्हणजे मनुष्याचा स्वतःचा प्रयत्न, यांच्या बलाबलावर ते आयुष्य अवलंबून ठेवतात. गाडीचा आस नीट वापरला तर आपल्या काळी झिजून संपतो, आणि अतिभाराने किंवा वाईट वाटेने मध्येच मोडतो, हा त्यांचाच दृष्टांत आहे. मृत्यू कालप्राप्त असतो तसा अकालीही असतो, हे ज्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे मानले, तिच्याच वारसांनी दैवाच्या नावावर रात्र घालवावी, याचे मला दुःख होते.

आता त्या परिचारिकेच्या हातांकडे पाहावे. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांच्या आत हृदयाचा आलेख निघाला पाहिजे. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यायची. जिभेखालच्या गोळीचा हुकूम असला तरी ती देण्यापूर्वी रक्तदाब पाहायचा. प्राणवायूचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या खाली गेले नसेल तर केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी नळी लावायची नाही. गुठळी विरघळवणारे औषध चालू असताना रक्तस्रावावर नजर ठेवायची. या साऱ्यात तिने पडद्यावरची रेषा सोडायची नसते, कारण हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतेच थरथरू लागले, तर विजेच्या धक्क्यावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या लॉरेन्स मेल्ट्झर या डॉक्टरांनी व रोझ पिनिओ या परिचारिकेने हा धक्का देण्याचा अधिकार खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेकडे सोपवावा असा आग्रह धरला, तो याच हिशेबाने; डॉक्टर येईपर्यंत थांबणे म्हणजे अकालमृत्यूला वाट मोकळी करून देणे होते.

परंतु पुरुषकाराला एवढे स्थान दिले की दुसरा, अधिक दारुण प्रश्न उभा राहतो: मग जो वाचला नाही, तो तिच्या खाती जमा करायचा काय? चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. मला यांतला अनुराग सर्वांत कठीण वाटतो. ज्याच्यावर माया करायची तो घटकाभरात जाऊ शकतो, आणि तो गेल्यावर लगेच पुढच्या खाटेकडे वळायचे असते. टिळकांनी ‘गीतारहस्या’त फलाशा सोडून कर्म करण्याचा जो अर्थ लावला, त्यात फळाविषयी बेपर्वाई नाही, आपले कर्म फळावाचूनही पूर्ण असते, एवढीच ग्वाही आहे. समोरचा मृत्यू कालप्राप्त आहे की अकाली, हे तिला त्या क्षणी कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य; त्या अज्ञानामुळेच तिला प्रत्येकाशी एकाच निष्ठेने वागता येते. सर्व करून झाल्यावर, नोंदवहीत वेळ लिहिल्यावर, ती जर बाहेरच्या बाकावरील पत्नीजवळ बसून ‘एवढेच आयुष्य होते, ताई’ म्हणाली, तर तिच्या तोंडी तो शब्द मला सत्य वाटतो.

शेजारच्या ‘लष्कर’ भागात १९४६ पासून गजराराजा मेडिकल कॉलेज आहे, जयारोग्य रुग्णालय त्याहूनही जुने आहे. पण मुरारहून तेथपर्यंतचा रस्ताही रुग्णाच्या आयुष्यातूनच वजा होतो. हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. आत्रेयांचे उत्तर आपण खरे मानीत असू, तर एखाद्या रात्रपाळीला एकाच बाईच्या माथी किती खाटा मारल्या जातात, हा केवळ सरकारी दप्तराचा विषय राहत नाही. तो आपल्या सर्वांच्या पुरुषकाराचा, म्हणजे धर्माचा विषय होतो, आणि देवळात आयुरारोग्य मागणाऱ्या प्रत्येकाने तो रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना विचारला पाहिजे.