जळतो तो दोषी?

आमच्या वरठीच्या रेल्वे स्टेशनाचं नाव 'भंडारा रोड'. गाड्यांचा खडखडाट आमचा, नाव भंडाऱ्याचं! तेव्हा एकाचं खापर दुसऱ्याच्या माथी, याची आम्हां वरठीकरांना सवय हवी. मला मात्र ते कळलं सासऱ्यांच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमुळे.

एके दिवशी त्याचा रेडिओ मुका झाला. मेकॅनिक म्हणाला, "रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर जळला." बदलला. आठवड्यात पुन्हा जळला. मी त्या ट्रान्झिस्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्यांदा मेकॅनिकनं ट्यूनरकडे जाणारी तार सोडवून मीटर लावला. बरोबर 12 व्होल्ट!

"हा बिचारा निर्दोष हाये जी. पुढचा कपॅसिटर लीक आहे, तो करंट ओढते."

मागून 18 व्होल्ट येवोत की 20, पुढे 12च द्यायचे आणि वरचं सगळं स्वतः तापून सोसायचं, हा रेग्युलेटरचा धर्म. जो सोसतो तो जळतो. आणि जळतो त्यालाच आपण दोषी धरतो.

वाचकहो, मागं आमच्या बँकेत कॅश पाचशेनं कमी भरली. सगळ्यांनी कॅशिअर पोराकडे पाहिलं. मी जरा जास्तच. त्यानं मुकाट्यानं खिशातून भरले. चार दिवसांनी चूक सापडली, माझ्याच नोंदीत! पैसे परत केले; 'चुकलो' म्हणायचं तेवढं राहिलं.

आता रिसीव्हर झकास वाजतो. कपॅसिटर बदलला ना! मला कोण बदलणार? उद्या त्या पोराच्या काउंटरवर जाईन म्हणतो. रांगेत उभा राहून.