हिशेबाखालची ओळ

पांढुर्ण्याच्या आमच्या घरी कोनाड्यात लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. संत्र्याच्या दिवसांत बाबा बगीच्यातून आले, की हातपाय धुऊन आधी ती वही घेऊन बसत. किती कॅरेट गेले, कुणाची मजुरी राहिली, सौंसरला कुणाचे किती देणे आहे, सगळे त्यात. परवा ती चाळताना एका हिशेबाखाली तीन छोटी वाक्ये दिसली : ‘तोडणीच्या पोरावर ओरडलो. चूक त्याची नव्हती. उद्या बोलायचे.’ पुढच्या पानावर एकच शब्द होता : ‘बोललो.’

ते वाचून मला रोजनिशी लिहिणारे यशवंतराव चव्हाण आठवले. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना त्यांच्या सरकारने 1958 च्या कायद्याने महार वतनाचे, म्हणजे सक्तीच्या गावकामाचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे जोखड उतरवले. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले आणि विमानदल उतरवायचे की नाही, हे त्यांना त्याच दुपारी ठरवावे लागले. 23 सप्टेंबरला युद्ध थांबले. त्या धामधुमीतही हा माणूस रोजनिशी लिहीत होता.

तिकडे अमेरिकेत अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्ध चालू असतानाच, 1 जानेवारी 1863 ला, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या सैन्याने गेटिसबर्गची लढाई जिंकली, तरी शत्रूचे सैन्य नदीपार निसटले. लिंकन फार दुखावले. त्यांनी आपले सेनापती मीड यांना कडक पत्र लिहिले. पण त्यावर सही केली नाही, ते पाठवलेही नाही. पाकिटावर तशी नोंद करून ठेवून दिले.

दिवसभर आपणही कुणाला काही बोलून जातो, कुणाचे ऐकायचे राहून जाते. रात्री मनात ते घोळत राहते. कागदावर उतरवले, की राग कुठला आणि आपली चूक कुठली, हे वेगळे दिसू लागते. मग उद्या काय करायचे तेही सुचते. आज झोपण्याआधी दूधवाल्याच्या हिशेबाखाली का होईना, एक ओळ लिहा. उद्या संध्याकाळी तिच्यापुढे ‘बोललो’ एवढे लिहिता आले, तरी दिवस चांगला गेला.