स्वस्ताईचा संकोच

पांढुर्ण्याच्या बाजारात घासाघीस करून साठ रुपयांस घेतलेली बॅटरी रात्रीच्या ओलितास पहिल्याच दिवशी विझते, आणि आम्ही म्हणतो, ‘साठ रुपयांत आणखी काय मिळणार?’ हा समजूतदारपणा आम्हांस आताशा खटकतो. स्वस्त वस्तू कमी टिकावी, हे मान्य. पण तिने उजेडच देऊ नये, असा सौदा कधी ठरला होता? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाच्या व्याख्येत किमतीचा उल्लेख नव्हता. २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही पडत नाही. पावती मात्र आम्ही मागितलेली नसते! तरी तो फिरता विक्रेता पुढल्या बाजारी त्याच जागी बसतो. संत्र्याच्या बागेत अंधारात चाचपडलेल्या मजुराने ती बॅटरी त्याच्यापुढे नेऊन ठेवली, तर आम्ही त्याला हसावे काय?