पंगत वाया गेली

अन्न वाया गेलं, याचंच दुःख गावाला आहे. सोमवारी पोलीस आणि ग्रामसेवकाने हळदीच्या मांडवात जाऊन थांबवलेल्या एका बालविवाहाबद्दल बोलतोय. काल त्या गावावरून येत होतो, टपरीवर थांबलो. पाच जणांशी बोललो. मुलगी कितवीत आहे हे एकानेही सांगितलं नाही. बुंदी किती पाडली होती, ते मात्र पाचही जणांनी सांगितलं. ‘‘अक्षता पडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या हो!’’

पडायच्या म्हणजे? अक्षता काय आढ्यावरून आपोआप पडतात? माणसं त्या मुठीत घेतात आणि टाकतात. मूठ उघडायची की नाही, हे शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत आपल्याच हातात असतं. आणि बुंदी पाडली म्हणून नववीतली पोर देऊन टाकायची? लग्न न लागताही बुंदी गोडच लागते. बसा, जेवा, घरी जा. आचाऱ्याचे पैसे द्यावे लागतात, पाहुण्यांची गाडी खोळंबते, मान्य. पण या सगळ्या हिशेबात पोरीचा रकाना कुठे आहे? राहिली अब्रू. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या पोरीला शे-दोनशे माणसं हळद लावायला जमली, तेव्हा गावाची अब्रू शाबूत होती. कुणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केला आणि ती गेली म्हणे. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे टपरीवर सगळ्यांना पाठ होतं. म्हणून तर पत्रिकेवर ‘साखरपुडा’ छापला होता.

‘पोरगी उजवली’ हा शब्द मला सहन होत नाही, हे या जागी पूर्वीही लिहिलंय. पुन्हा लिहितो. उजवली म्हणजे आईबाप मोकळे झाले. तिचं काय झालं, ते या शब्दात कुठेच नाही. अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्याने ठेवलेला संबंध बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. आपण त्या रात्रीसाठी खोली सजवतो.

‘आमच्यात पद्धत आहे’ म्हणणारेही होतेच. १८९१ साली संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं, तेव्हाही पुण्यात धर्म बुडत होता. धर्म शिल्लक आहे. बालविवाहही आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या, बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात जवळपास २२ टक्के निघाल्या. बीडमध्ये ४३च्या वर, परभणीत ४८.

मुलीची आई भेटली. दारात बसून कोयत्याची मूठ चिंध्यांनी गुंडाळत होती. दसरा झाला, ऊसतोडीची टोळी निघायची आहे. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. जोडपं म्हणजेच एक कोयता. पोरीचं लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, हेही खरं. पण ती बोलली ते वेगळंच. ‘‘सहा महिने आम्ही फडावर. ही इथं म्हातारीजवळ. रात्री दाराला कडी बी नीट बसत नाही. काही झालं तर तुम्ही येणार का, दादा?’’

तिला मी काय सांगणार? वसतिगृहात जागा नाही, कारखान्यावरच्या कोपीत पोरीला न्यायचं तिच्या जिवावर येतं. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. पंगतीला बसलेल्यांना मात्र देतो. त्यांच्या घरच्या दारांना कड्या आहेत.

परत टपरीवर आलो, तर विषय एकच होता : फोन कुणी केला? त्या मुलीच्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण कालपासून शाळेत आलेली नाही. घरच्यांनी पाठवलंच नाही, असं टपरीवाला आवाज खाली आणून म्हणाला.