कन्हानचा ‘न्हा’

कन्हान आणि साटक ही पारशिवनी तालुक्यातील दोन गावे. दोहोंची नावे तीन-तीन अक्षरांची, हे शाळकरी पोरही बोटांवर मोजून सांगेल. तरीही या नावांपुढे जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मांडून तक्ता छापावयास संगणकास सांगितले, की आकड्यांचा रकाना एका ओळीत अलीकडे, तर दुसरीत पलीकडे सरकलेला दिसतो.

नाव डाव्या कडेस आणि आकडा उजव्या कडेस टेकवावा, ही जमाबंदीच्या दफ्तरातील जुनी रीत सकारण आहे: आकड्याचे मोल त्याच्या स्थानावर ठरते, एकंखाली एकं आले नाही तर बेरीज फसते, नावाला असे स्थानमूल्य नाही. संगणकाच्या भाषांतही रकान्याची घरे व कड ठरवून दिली, की उरलेली घरे यंत्र रिकाम्या जागांनी भरते. परंतु त्यापूर्वी नाव किती घरांचे, हे त्यास मोजावे लागते. सी भाषेचा हिशेब बाइटांचा. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने कन्हान १८ आणि साटक १२. पायथन चिन्हे मोजते: क, न, पाय मोडल्याची खूण, ह, काना, न, म्हणजे कन्हानची सहा; साटकची चार. डोळा मोजतो तीन आणि तीन.

संख्या वस्तूत असते की पाहणाऱ्यात, हा प्रश्न जुना आहे. वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी चोवीस गुणांत संख्येची गणना केली, आणि तिच्यात एक सूक्ष्म भेद केला: एकत्व वस्तूत असतेच, द्वित्वादी संख्या मात्र ‘हे एक, हे एक’ अशा पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून उपजतात आणि ती बुद्धी सरली की नष्ट होतात. आमच्या तक्त्याने एकत्वावरच शंका घेतली आहे. एकाच नावात तीन निरनिराळे ‘एक’ नांदताना दिसतात, त्यांपैकी खरा कोणता?

वैशेषिक निरुत्तर होणार नाही. तंतूंहून पट निराळा, अवयवांहून अवयवी निराळा, हे मत त्याने बौद्धांशी दीर्घकाळ वाद घालून राखले आहे. पारशिवनीतला ‘शि’ हा श आणि वेलांटी यांचा नुसता ढीग नव्हे, असे तो म्हणेल. आणि यंत्रात श नंतर साठविलेली वेलांटी कागदावर त्याच्या आधी उभी राहते, हे पाहता मला वैशेषिकाचीच बाजू बळकट वाटते. केवळ बाइट मानणारी सी भाषा येथे बौद्धांच्या पंगतीस बसते.

मात्र अक्षरे मोजूनही छापील तक्ता सरळ येत नाही, कारण ‘न्हा’ला लागते तितकी जागा ‘ट’ला लागत नाही. संख्या आणि परिमाण हे वैशेषिकांनी दोन स्वतंत्र गुण मानले होते, आणि आपण मोजणीवर मापाचे काम लादीत होतो. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक रोमन अक्षरास सारखीच जागा मिळे, म्हणून इंग्रजीत मोजले म्हणजेच मापले असे होऊन गेले आणि घोटाळा झाकून राहिला; कन्हानच्या ‘न्हा’ने तो उघडकीस आणला. हाताने वही आखणारा पटवारी नावाची अक्षरे मोजीत बसत नसे. तो पट्टी धरून उभ्या रेघा आधी मारी. मग नाव रेघेच्या अलीकडे कोठेही संपो, आकड्याचा एकं पुढल्या रेघेसच जाऊन भिडे.